मंगल कार्यालयात दात बसवून घेऊ नका! माझे ३४,५०० रुपये गेले, वर चांगले दातही गेले

फुकट तपासणीच्या नावाखाली गिऱ्हाईक कसं गोळा करतात हे मी सांगायची गरज नाही. गुडघ्याचं तेल, शुगरचा काढा, चष्मे, सगळं असंच खपवलं जातं. आपल्या मराठवाड्यात तर भोंगा लावलेली एखादी गाडी कायम फिरतच असते. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. असल्या भोंग्यांना नावं ठेवण्यात मी सगळ्यांच्या पुढे. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते आहे. पण शिबिराची ती गाडी अजून फिरते आहे असं ऐकतो, म्हणून लिहितो.

वरच्या जबड्यात माझे दोनच दात उरले होते, तेही हलते. खाली समोरचे सहा चांगले पक्के, बाजूच्या दाढा गेलेल्या. दुधात भाकरी कुस्करून खायची सवय झाली होती. येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात भज्जी-आंबिलीवर भागवलं आणि हुरडा खाणाऱ्यांकडे बघत बसलो. त्यात धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. फोटो आले, व्याही आले, पाहुणे आले. तोंडात दात नकोत का?

काही लोक म्हणतात, गुरुजी स्वस्ताच्या नादाला लागले. हे साफ खोटं आहे. तालुक्याला एक बीडीएस, म्हणजे दाताची पदवी घेतलेले, डॉक्टर आहेत, त्यांना मी आधी दाखवलं होतं. त्यांनी सांगितलं की हलते दोन काढू, हिरडी भरायला दीड-दोन महिने जाऊ देऊ, मग माप घेऊ. वर पूर्ण कवळी, खाली काढता-घालता येणारी अर्धी, दोन्हींचे मिळून १६,०००. मी दिले ३४,५००, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. स्वस्तासाठी कोणी दुप्पट पैसे देतं का? मला घाई होती, एवढंच. लग्नघरात घाई कोणाला नसते?

पेपरात चिठोरं आलं होतं. ‘जर्मन तंत्रज्ञानाचे फिक्स दात, एका दिवसात. ऊस खा, शेंगा फोडा. आजीवन वॉरंटी.’ मंगल कार्यालय गावातलं, उद्घाटनाला पुढारी येऊन नारळ फोडून गेलेले, खुर्च्यांवर माझ्या ओळखीचे दोन निवृत्त मुख्याध्यापक बसलेले. यात शंका घ्यायची तर कोणावर घ्यायची?

‘डॉक्टर’ पांढऱ्या ॲप्रनमध्ये, गळ्यात स्टेथोस्कोप. दाताच्या डॉक्टरला स्टेथोस्कोप कशाला, हा प्रश्न मला आता पडतो. त्याने तोंडात छोटा कॅमेरा घातला आणि माझ्याच हिरड्या टीव्हीवर दाखवल्या. एवढ्या मोठ्या आणि लाल की बघून पोटात कालवलं. “मामा, ह्यात पू हाय. हे हार्टला जातंय.” किंमत ६९,०००, शिबिरात निम्मी, तीही आज बुकिंग केलं तरच. ५,००० रोख टोकन तिथंच दिलं. बायको म्हणाली, “अहो, घरी जाऊन विचार करू की.” मी तिला गप्प बसवलं. ती अजून त्यावरून बोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोलावलं. शुगर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, बीपी किती, काहीच विचारलं नाही. मला शुगर आहे. इंजेक्शन मारलं आणि दोन्ही हलते दात उपटले. खराखुरा डॉक्टर दात काढण्याआधी हे विचारतोच. न विचारता कोणी पकड हातात घेतली तर खुर्चीतून उठा आणि बाहेर पडा.

पुढचं मला रोज आठवतं. त्याने खुर्चीखालची कापडी पिशवी ओढली. आत प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्या, प्रत्येकीत एक तयार कवळी, गुलाबी हिरडीला पांढरे दात. पहिली माझ्या तोंडात घातली, सैल झाली. काढून पुन्हा पिशवीत टाकली. दुसरी ओठाला टोचली, तीही परत पिशवीत. तिसरी लावली, थोडी दाबली आणि म्हणाला, “बसली बघा मामा.” चपलेच्या दुकानात नंबर बघतात तसं! माझ्या आधी त्या कोणाकोणाच्या तोंडात जाऊन आल्या होत्या, देव जाणे. तिथंच कळायला पाहिजे होतं. कवळी माणसाच्या जबड्याच्या मापानं बनते, तयार कवळी पिशवीतून निघत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. आणि मी आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलं.

पण तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? तोंड बधिर, रक्त गळतंय, दोन दात आधीच काढून टाकलेले, ५,००० दिलेले. अशा अवस्थेत माणूस उठून भांडतो का? त्यांचा डाव तोच आहे. आधी दात उपटायचे, म्हणजे परतीची वाट बंद.

मग वाटीत पांढरी पावडर आणि बाटलीतलं पातळ औषध कालवलं. नखांच्या रंगासारखा उग्र वास. तो लगदा कवळीच्या आतून थापला आणि कवळी ताज्या जखमेवर दाबून धरली. हळूहळू गरम होत गेलं. इतकं गरम की डोळ्यांतून पाणी आलं, मी हातानं इशारे केले. “जर्मन मटेरियल हाय मामा, गरम लागणारच.” खाली तर त्याहून भारी काम. माझ्या सहा चांगल्या दातांभोवती बारीक तार गुंडाळली, दोन्ही बाजूंना खोट्या दाढा ठेवल्या आणि सगळं त्याच लगद्यानं लिंपून टाकलं. याला म्हणे फिक्स दात.

उरलेले २९,५००. त्यातले ९,५०० रोख, २०,००० स्कॅनरवर. स्कॅन केल्यावर मोबाइलवर नाव आलं ते कुठल्याशा ट्रेडर्सचं. दवाखान्याचं नाही, डॉक्टरचं नाही. मी वाचलं आणि पिन टाकला. पावती गुलाबी रंगाची, वर ‘दंत साहित्य’ असं छापलेलं, खाली सही म्हणजे एक वेलांटी. डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. पैसे देण्याआधी पावती मागा. तिच्यावर नाव आणि नोंदणी क्रमांक नसेल तर एक रुपयाही सोडू नका.

लग्नात काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण सगळ्या गावानं बघितलंच आहे. व्याह्यांच्या स्वागताला दारात उभा राहिलो, “या, या” म्हणालो आणि वरची कवळी सुटून उपरण्यात पडली. दिवसभर मी तोंडावर रुमाल धरून फिरलो. पोरगी सासरी जाताना रडली तेव्हा बाप रुमालाआडून बोलत होता.

तोवर खालच्या तारेत भाकरीचे कण अडकून वास यायला लागला होता, हिरडी सुजली होती, टाळूला फोड आला होता, शुगर २८० वर गेली होती. चिठोऱ्यावरच्या नंबरला आधी “गाडी नांदेडला हाय, फुडच्या महिन्यात येतो” असं उत्तर मिळालं, नंतर फोन लागेनाच. मंगल कार्यालयवाल्यानं हात झटकले. “आम्ही हॉल भाड्यानं दिला गुरुजी, दात नाही दिले.”

शेवटी लातूरला एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टर मॅडमनी मशीननं तो लगदा बारीक बारीक कापून काढला. माझे सहा पक्के दात होते ना, त्यातले कडेचे दोन हलायला लागले होते. ते काढावे लागले. पावडर-पातळ औषधाचं ते मिश्रण मोडलेल्या कवळीच्या दुरुस्तीला वापरतात, घट्ट होताना ते तापतं, म्हणून पूर्ण तापेपर्यंत तोंडात ठेवायचं नसतं, आणि कच्चं राहिलेलं औषध तोंड भाजतं, हे त्यांच्याकडून कळलं. पक्की कवळी लॅबमध्ये साच्यात घालून उष्णता देऊन तयार होते. आणि शेजारच्या दातांना तार गुंडाळून लिंपलेले फिक्स दात हा प्रकार कोणत्याही कॉलेजात शिकवत नाहीत. खालून साफ करता येत नाही, घाण साचते आणि चांगले दातही सोबत जातात. कोणी एका बैठकीत फिक्स दात म्हणाला की समजून घ्या.

आता सरकारी दारांची कथा. पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी पावती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, “गुरुजी, तुम्ही स्वतःच तोंड उघडून बसलात, जबरदस्ती कोणी केली? हे दिवाणी मॅटर आहे.” नाव खोटं, डॉक्टर खोटा, वॉरंटी खोटी, आणि हे दिवाणी? जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ झालंय, एवढं मलाही माहीत आहे. मग हद्दीचा मुद्दा निघाला. मंगल कार्यालय म्हणे दुसऱ्या ठाण्यात येतं. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी तक्रार नोंदवून घ्यायची, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलंय. ते मी सांगितलं तर साहेब हसले आणि म्हणाले, “गुरुजी, तुम्ही लई वाचता.” अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. पोचेशिवाय अर्ज देऊ नका. मी तिथं बाकावर बसून राहिलो, संध्याकाळी शिक्का मिळाला. त्या शिक्क्याखेरीज त्या ठाण्यातून आजवर काही मिळालेलं नाही.

आरोग्य खात्यात तर त्याहून मजा. बोगस डॉक्टर शोधायला तालुक्याला समिती असते. साहेब मीटिंगला जिल्ह्याला गेलेले. ते असतील तेव्हा बाबू जेवायला गेलेला. एकदा दोघं एकत्र सापडले, तर विचारतात, “दाताचा बोगस आहे का औषधाचा बोगस? दाताचं आमच्याकडं येतं का बघावं लागेल.” बघून सांगतो म्हणाले, अजून बघताहेत. जिल्ह्याच्या कार्यालयात फोन केला. तिथलं उत्तर ऐका: “तो माणूस आत्ता आपल्या जिल्ह्यात आहे का? नाही ना? मग धाड टाकायची कुठं?” म्हणजे चोरानं जिल्हा बदलला की चोरी मिटली. बँकेत गेलो, तर म्हणाले पिन तुम्हीच टाकलाय, समोर उभं राहून टाकलाय, यात आम्ही काय करणार. सगळे बरोबर, सगळे नियमात. चुकलो तो फक्त तोंडात दात हवे होते तो मी! दुसऱ्या एका गावच्या आजींच्याही हिरड्या अशाच भाजल्या आहेत. त्यांचा नातू माझ्यासोबत चकरा मारतो. त्याला तर दारातच सांगितलं, आजीला घेऊन या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईला, सुजलेल्या तोंडानं, एसटीनं.

दाताचा धंदा करायला नोंदणी लागते, डेंटिस्ट्स ॲक्ट १९४८ सालचा आहे. नोंदणी नसलेला माणूस मंगल कार्यालयात पकड घेऊन बसतो आणि पुढारी त्याच्यासाठी नारळ फोडतात. डॉक्टरला नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. खरा असेल तो रागावत नाही, भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवतो. शंका वाटली तर राज्याच्या दंत परिषदेकडे विचारा.

आता रुग्णालयातली कवळी आहे. मापं दोनदा घेतली, मग जबडे कसे जुळतात ते बघायला मेणाच्या पट्ट्या चावायला दिल्या, मग मेणातच दात लावून आरशात दाखवले. समोरचा दात थोडा लांब वाटतो म्हणालो, तो बदलला. मेणातली ही ट्रायल न दाखवता कोणी कवळी देत असेल तर घेऊ नका, नंतर दातांची ठेवण सहज बदलता येत नाही. सुरुवातीला दोन ठिकाणी टोचली, घासून दिली, वेगळे पैसे घेतले नाहीत. खालची वरच्याइतकी घट्ट बसत नाही. खाली आधार कमी आणि जिभेची हालचाल जास्त, त्यामुळे बहुतेकांचं असंच होतं असं मॅडम म्हणाल्या. खालची कवळी डिंकासारखी चिकटेल असं सांगणारा खोटं बोलतो. रात्री काढून पाण्यात ठेवतो. धुताना खाली पाण्यानं भरलेली बादली ठेवतो, हातातून निसटली तरी फुटत नाही. टूथपेस्टनं घासायची नाही, चरे पडतात. भाकरी खातो. ऊस खात नाही. ऊस खाल असं इथं कोणी म्हणालंही नव्हतं.

जिल्हा ग्राहक आयोगात मी तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकीलही लागत नाही, मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तर कागद कोणते लागतात ते सांगतात. माझ्यापुढची अडचण वेगळीच आहे: नोटीस पाठवायची कोणाला? पावतीवर पत्ता नाही. त्या ट्रेडर्सचं खातं कोणाचं, हे बँक मला सांगत नाही, पोलीस विचारत नाहीत. म्हणून लातूर, धाराशिव, नांदेडकडच्या लोकांना सांगतो. ‘दंत साहित्य’ छापलेली तशी गुलाबी पावती कोणाकडे असेल, तर लाजेपोटी फाडून टाकू नका. पैसे दिल्याचा मोबाइलवरचा मेसेज पुसू नका, तोंडातलं काम काढून घेण्याआधी फोटो काढा, आणि काढलेला तुकडा डॉक्टरकडून मागून घ्या. माझा मी प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलाय, आयोगापुढे ठेवायला.