मराठी विकिपीडियाची लेखनस्पर्धा: कार्यशाळा उत्तम, गुणांकन कच्चे

गेल्या वर्षी पुण्याच्या डेक्कन परिसरातील एका महाविद्यालयात मराठी विकिपीडियासाठी महिनाभराची लेखनस्पर्धा झाली. मी तीत स्पर्धक होतो. यंदा नाव नोंदवावे का, अशी विचारणा अनेकांनी केली, म्हणून हे परीक्षण.

आरंभीच्या कार्यशाळेबद्दल तक्रारीला जागा नाही. धूळपाटीवरचा (म्हणजे सरावासाठी राखलेल्या पानावरचा) सराव, संदर्भ जोडण्याची रीत, लेखाविषयी बोलण्याच्या चर्चापानावर सही कशी करायची, हे सारे दोन तासांत इतके नीट समजावले गेले की माझ्या शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी त्याच दुपारी आपले पहिले संपादन जतन केले. (चहा मात्र एकदाच मिळाला.)

अडचण नियमावलीत होती. किमान ३००० बाइटचा प्रत्येक लेख म्हणजे एक गुण, आणि सर्वाधिक गुण मिळवील तो पहिला. बाइट हे संगणकात मजकूर साठवायला लागणाऱ्या जागेचे माप, आणि ते रोमन लिपीच्या सोयीचे आहे. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीत मात्र प्रत्येक चिन्हाला, अगदी काना-मात्रा-वेलांटीलासुद्धा, तीन बाइट लागतात. त्यामुळे ‘पुणे’ हा दोन अक्षरांचा शब्द बारा बाइट खातो आणि ३००० बाइटची अट मराठीत दीडशे-पावणेदोनशे शब्दांतच पुरी होते. दर नोव्हेंबरात होणाऱ्या ‘विकिपीडिया आशियाई महिना’ या उपक्रमात याच अटीला किमान ३०० शब्दांची जोड असते. ती येथे का गाळली, याचा उलगडा आयोजकांनी शेवटपर्यंत केला नाही.

मग व्हायचे तेच झाले. पहिल्या क्रमांकाच्या स्पर्धकाने शंभरावर गावांचे लेख चढवले. त्यांत गावाचे आणि तालुक्याचे नाव तेवढे बदलत होते. तीन ऋतूंचे वर्णन आणि ‘प्रेक्षणीय स्थळे’, ‘नागरी सुविधा’ हे रिकामे मथळे सगळीकडे तेच. आणखी एकाने इंग्रजी लेखांची यांत्रिक भाषांतरे जशीच्या तशी टाकली होती. त्यांपैकी एकात ‘टँक’ या शब्दापायी गावच्या तळ्याचा चक्क रणगाडा झाला होता, आणि तो लेखही ग्राह्य ठरला. परीक्षकांना दोष देणे मला पटत नाही. ते दोघेच होते, नोकरी सांभाळून हे काम करीत होते, आणि शेवटच्या आठवड्यात त्यांच्यापुढे लेखांचा ढीग पडला. अशा वेळी बाइट मोजून पुढे जाण्यावाचून त्यांच्या हाती काय उरते? नुसती संख्याच वाढवायची, तर माणसांचीही गरज नसते. फिलिपिन्समधील सेबुआनो भाषेच्या विकिपीडियावरील साठ लाखांहून अधिक लेखांपैकी बहुतेक एका बॉटने, म्हणजे आपोआप लेख बनवणाऱ्या संगणक-प्रणालीने, तयार केले आहेत.

माझे लेख दोनच झाले. त्यांतला एक नानासाहेब पेशव्यांच्या काळातील कात्रजच्या नळयोजनेवर होता. १८८५ चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर चाळले, सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळात तीन दुपारी काढल्या, आणि कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत कसे येई, वाटेतल्या उच्छ्वासांचे (नळातली हवा बाहेर सोडणाऱ्या बांधकामांचे) काम काय, हे संदर्भांसह मांडले. त्याला गुण एक. तळ्याच्या रणगाड्यालाही एकच.

पाचपैकी अडीच तारे, आणि त्यांतले दोन कार्यशाळेचे. यंदा शब्दसंख्येची अट, प्रत्येक लेखास किमान दोन स्वतंत्र संदर्भ आणि आठवड्याला एका स्पर्धकाकडून ठरावीकच लेख, एवढे तरी नियमांत आले तर मी पुन्हा नाव देईन. नव्याने लिहू पाहणाऱ्यांनी कार्यशाळेला अवश्य जावे, गुणतक्त्याकडे मात्र फिरकू नये.

त्या गावांच्या लेखांपैकी कित्येकांवर आता ‘पानकाढा’ साचा, म्हणजे पान वगळावे अशी सूचना, लागला आहे. शिक्षिकाबाई अजून आठवड्यातून एकदा तरी काही दुरुस्त करतात. रणगाड्याचे पुन्हा तळे त्यांनीच केले.