थ्रीकॉम ३सी९०५बी: २५० रुपयांचं जुनं लॅन कार्ड आणि चार दिवस त्याच्यावर घेतलेला फुकटचा संशय

मे महिन्यात वळवाच्या पावसात जवळच वीज पडली आणि घरातला जुना स्विच (सगळी मशीनं केबलने एकमेकांना जोडणारी पेटी) आणि बॅकअपच्या मशीनमधलं लॅन कार्ड (ज्यात नेटवर्कची केबल लागते ते) दोन्ही एकदमच गेले. मशीन म्हणजे पेन्टियम थ्री, त्यावर फ्रीबीएसडी १३ (लिनक्ससारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम), काम एकच, रात्री घरातल्या सगळ्यांचा बॅकअप घ्यायचा. नवीन घे म्हणाल, माहितीये, पण चालतंय ना, मग कशाला.

गेलेलं कार्ड थ्रीकॉमचं ३सी९०५बी होतं म्हणून मुद्दाम तेच शोधलं, म्हणजे सेटिंगला हात लावायला नको (या शहाणपणावर येतोच पुढे). मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका दुकानात जुन्या कार्डांचं खोकंच होतं, त्यात तळाशी सापडलं. २५० रुपये. "साहेब, चेक करून मिळणार नाही, परत पण घेणार नाही." बरं. ॲन्टिस्टॅटिक पिशवी वगैरे विसरा, वडापाव बांधतात तसं पेपरात गुंडाळून दिलं. दुकानाला पाचपैकी दोन, तेही खोकं उपसू दिलं म्हणून.

घरी लावलं तर पहिल्यांदा दिसेचना. पीसीआयकॉन्फ -एलव्ही (मशीनला कुठली कार्डं दिसतायत ते सांगणारी कमांड) मारलं, बाकी सगळं आहे, हे नाही. काढलं, खालचे सोनेरी पट्टे काळपट पडलेले, पोराच्या कंपासमधलं खोडरबर घेऊन दोन्ही बाजूंनी घासले, परत नीट दाबून बसवलं आणि लगेच सायक्लोन म्हणून चिपचं नाव आलं, एक्सएल० (एक्सएल ड्रायव्हरने कार्डाला दिलेलं नाव) तयार, मागचा १०० वाला दिवा हिरवा. आयपी मिळाला, पिंग (छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतंय का बघणं) एकदम मस्त, एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन) पण चालू. खूश.

रात्री बॅकअप लावला तर स्पीड सेकंदाला १५० केबीच्या आसपास. ११ जीबीचा बॅकअप, सकाळी चहा घेऊन आलो तरी चालूच.

डीमेसेजमध्ये (सिस्टीमचे मेसेज दाखवणारी कमांड) बघितलं तर एक्सएल० ट्रान्समिशन एरर ९० आणि त्याखाली टीएक्स अंडररन, थ्रेशोल्ड १२० बाइट करतोय. मी म्हटलं संपलं, २५० गेले. पण हा मेसेज घाबरवणारा असला तरी फार काही नाही. पॅकेट पाठवायला सुरुवात झाली आणि पीसीआय बसवरून पुढचा डेटा वेळेत पोचला नाही की कार्डाचा बफर रिकामा पडतो, मग ड्रायव्हर म्हणतो पुढच्या वेळी थोडा जास्त डेटा साठला की मगच सुरू कर. एकदोनदा येतो आणि गप्प बसतो. माझ्याकडेही तेच झालं, पण स्पीड काही वाढला नाही.

मग केबल बदलली, स्लॉट बदलला, स्विचचा पोर्ट बदलला, परत खोडरबर. चार दिवस. बायको म्हणाली त्या पेटीशी लग्न करायचं होतंस.

शेवटी नेटस्टॅट -आय (कार्डावरची पॅकेटं आणि एरर मोजून दाखवणारी कमांड) नीट बघितलं. इनपुट एरर भराभर वाढतायत आणि कोलिजन (पॅकेटांची टक्कर) शून्य. तिथे डोक्यात ट्यूब पेटली. आरसी डॉट कॉन्फमध्ये (सेटिंगची फाईल) माझीच एक जुनी ओळ होती, मीडिया १००बेसटीएक्स (म्हणजे १०० चा स्पीड), फुल डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचं), फिक्स करून टाकलेलं. जुना स्विच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) होता, त्याचाही पोर्ट तसाच फिक्स केलेला, म्हणून जमत होतं. तो जळला आणि त्याच्या जागी आला साधा पाच पोर्टचा स्विच, जो सगळं ऑटोने ठरवतो. आता कार्ड फिक्स असलं की ते समोरच्याशी बोलणी करतच नाही. स्विचला सिग्नलवरून १०० कळतं, पण डुप्लेक्स कळायला मार्गच नसतो, मग नियमाप्रमाणे तो हाफ (एका वेळी एकानेच बोलायचं) धरून बसतो. कार्ड मनाला येईल तेव्हा बोलणार, स्विचला वाटणार टक्कर झाली, तो पॅकेट अर्धवट सोडणार. पिंग एकेक करून जातं म्हणून ते छान, मोठी फाईल टाकली की बोंब. ती ओळ काढली, मशीन रीबूट केलं, आयएफकॉन्फिगमध्ये (कार्डाची सेटिंग दाखवणारी कमांड) ऑटोसिलेक्ट आणि कंसात फुल डुप्लेक्स. स्पीड सेकंदाला ११ एमबी. तोच बॅकअप १७ मिनिटांत. कार्ड पहिल्या दिवसापासून ठणठणीत होतं.

तर कार्डाला पाचपैकी पाच. थ्रीकॉम कंपनी २०१० मध्ये एचपीने घेतली तरी एक्सएल ड्रायव्हर अजून आहे, लिनक्सवर लावलंत तर ३सी५९एक्स नावाचा ड्रायव्हर उचलतो. फक्त घेताना मॉडेल नंबर नीट वाचा, त्याच खोक्यात ३सी५०९ पण होती, आणि त्यांचा ईपी ड्रायव्हर फ्रीबीएसडी १३ पासून काढून टाकलाय, तिथे कितीही खोडरबर घासा. आणि आधी आपला बोर्ड बघा, नव्या बोर्डांवर जुना पीसीआय स्लॉट बहुतेक नसतोच.

परवा स्पेअर म्हणून अजून एक आणायला गेलो तर त्याच दुकानदाराने ४०० सांगितले. म्हटलं अहो मागच्या महिन्यात अडीचशेला दिलंत, तर म्हणतो, "साहेब, डिमांड वाढली ना." डिमांड म्हणजे मीच.