स्टेशन कोड, गाडी नंबर की कोरा नकाशा? रेल्वे क्विझ कशावर घ्यायची

दहा-पंधरा रेल्वेप्रेमी जमवून क्विझ घ्यायची तर विचारायचं काय, हे आधी ठरवावं लागतं: कोड, नंबर की मार्ग. तिन्हींची भेळ करू नका. कोडमध्ये सतत तिकिटं काढणारा पुढे जातो, नंबरमध्ये पाठांतरवाला, आणि नकाशात खिडकीशी बसून बाहेर बघत गेलेला. एकच प्रकार निवडायचा तर नकाशा निवडा. मंडळी नवखी असतील तर मात्र कोडपासून सुरुवात करा, नाहीतर अर्धे जण पहिल्या दहा मिनिटांत गप्प होतील.

कोडची फेरी बनवायला सोपी आणि तपासायला त्याहून सोपी. वीस कोड, पाच मिनिटं, उत्तर बरोबर किंवा चूक. अडचण एवढीच की पुणे, एनजीपी (नागपूर), एमआरजे (मिरज) असले कोड कुणालाही येतात. फेरीत रंग भरतो तो फसव्या कोडांनी. 'एसयूआर' म्हटलं की निम्मे सुरत लिहितात. तो सोलापूरचा आहे. सुरत 'एसटी', सातारा 'एसटीआर'. हे तिन्ही एकाच प्रश्नाच्या पर्यायांत टाका. कुर्ल्याचा 'सीएलए' जुन्या इंग्रजी स्पेलिंगवरून आला आणि कानपूरचा 'सीएनबी'ही तसाच, म्हणजे इथे पाठांतराऐवजी तर्कही चालतो. बल्लारशाहचा 'बीपीक्यू' मात्र तर्काने कुणाला सुटत नाही, तो टायब्रेकरला ठेवा. दादरचा कोड विचारताना मध्य की पश्चिम हे सांगाच, कारण मध्यचा 'डीआर' आणि पश्चिमचा 'डीडीआर'. नावं बदललेली स्टेशनंही तपासून घ्या. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झाल्यावर 2025 मध्ये 'एडब्ल्यूबी' जाऊन 'सीपीएसएन' आला, पण मद्रासचं चेन्नई होऊन इतकी वर्षं झाली तरी चेन्नई सेंट्रल अजून 'एमएएस'च आहे.

नंबरची फेरी सगळ्यात जास्त बिघडते, कारण प्रश्न काढणारा 'डेक्कन क्वीनचा नंबर काय?' इथेच थांबतो. 12123 मुंबईहून, 12124 पुण्याहून. बरं, पुढे? नंबर कसा बनतो ते विचारलं तर हीच फेरी खुलते. 20 डिसेंबर 2010 पासून नंबर पाच आकडी झाले. पहिला आकडा 0 असेल तर विशेष गाडी, 1 किंवा 2 लांब पल्ल्याची, 5 पॅसेंजर, 6 मेमू (विजेवरची कमी अंतराची गाडी), 7 डेमू (तशीच, पण डिझेलवरची), 9 मुंबईची लोकल. सुरुवात 12, 20 किंवा 22 ने असेल तर सुपरफास्ट. कोकणकन्या 10111 ची 20111 का झाली, या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे: ती सुपरफास्ट झाली. आणखी एक कस पाहणारा प्रश्न: मुंबई-कोल्हापूर महालक्ष्मी पूर्णपणे मध्य रेल्वेवर धावते, मग तिचा नंबर 11 ने सुरू न होता 17411 कसा? 11 हा मध्य रेल्वेचा, 17 दक्षिण मध्य रेल्वेचा. महालक्ष्मीचा रेक, म्हणजे डब्यांचा संच, कोल्हापूर-तिरुपती हरिप्रियाशी वाटून घेतलेला आहे, म्हणून. ज्याला रेक-शेअरिंग कळतं त्यालाच हे सुटेल. 2020-21 मधल्या 0 ने सुरू होणाऱ्या नंबरांच्या वाटेला मात्र जाऊ नका. तेव्हा नेहमीच्या गाड्याही विशेष म्हणून धावत होत्या आणि त्यावरचे वाद मिटत नाहीत.

नकाशाला तयारी लागते. राज्याची कोरी बाह्यरेषा छापा, एका गाडीचं नाव द्या, आठ मिनिटांत जंक्शनं क्रमाने लिहायला सांगा. महाराष्ट्र एक्सप्रेस यासाठी उत्तम. कोल्हापूर ते गोंदियाच्या मधे मिरज, पुणे, दौंड, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर. जंक्शनाला एक गुण, क्रम चुकला तर अर्धा कापा. दौंडहून लोक हटकून सोलापूरकडे वळतात, आणि तिथेच कोण किती पाण्यात आहे ते दिसतं. पुरवणी प्रश्नही याच नकाशातून निघतात. ही गाडी राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते, पण बोरघाट आणि थळघाट यांपैकी कोणता घाट चढते? कोणताच नाही. पुण्याहून मनमाडकडे जाताना दौंडला पूर्वी इंजिन दुसऱ्या टोकाला का लावावं लागायचं? मनमाडची लाइन दौंडला पुण्याच्याच टोकाकडून मिळते म्हणून. आता कॉर्ड लाइनमुळे, म्हणजे दोन मार्ग थेट जोडणाऱ्या लाइनमुळे, दौंड जंक्शनात न शिरताही जाता येतं. घाटाचा प्रश्न काढलात तर शब्द जपून वापरा. कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी दोन्हीकडे चढ 37 ला 1 (37 मीटर पुढे जाताना 1 मीटर वर), म्हणून बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागतात हे खरं. पण 'प्रत्येक गाडीला' असं लिहिलंत की कुणीतरी बँकरशिवाय घाट चढणारी मुंबई-सोलापूर वंदे भारत पुढे करेल, आणि त्याचं बरोबर असेल.

फोटोची फेरी ऑनलाइन घेऊच नका, फोटोवरून शोधायला दहा सेकंद पुरतात. समोरासमोर असाल तर पिवळ्या पाटीवरचं नाव झाका, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि भाषांचा क्रम उघडा ठेवा. नवापूरचं दोन राज्यांतलं स्टेशन टाळा, ते सगळ्यांना पाठ आहे.

कोणताही प्रकार घेतलात तरी भांडणं झोन आणि हद्दीवरून होतात. नागपूर नावाचे दोन विभाग आहेत, एक मध्य रेल्वेचा, एक दक्षिण पूर्व मध्यचा. रोहा स्टेशन मध्य रेल्वेचं, कोकण रेल्वे सुरू होते त्यापुढे. तिचं पहिलं स्टेशन कोलाड. दादरचे प्लॅटफॉर्म डिसेंबर 2023 पासून सलग 1 ते 14 आहेत, त्याआधीच्या आठवणीवर उत्तर देणारे हमखास निघतील. म्हणून उत्तरपत्रिकेच्या डोक्यावर 'अमुक तारखेनुसार' लिहून ठेवा आणि प्रश्न वाचण्याआधी ती तारीख मोठ्याने सांगा.