फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सर कुत्र्याला लावला, आमच्या चिमीचा अनुभव

आधीच सांगते, शुगर सतत मोजत राहणारा हा सेन्सर माणसांसाठी आहे, दंडावर लावायचा, पण जनावरांचे डॉक्टर तो कुत्र्या-मांजरांना सर्रास लावतात आणि आम्हालाही आमच्या डॉक्टरांनीच सुचवला.

चिमी स्पिट्झ आहे, ९ वर्षांची, वजन ९ किलो. मागच्या वर्षी हीट (माज) होऊन गेली आणि महिन्याभरात पाण्याचं भांडं दिवसातून सहा-सहा वेळा भरायला लागलं, घरात कुठेही शू, खायची भरपूर तरी बारीक होत चालली होती. शुगर निघाली ४६०. डॉक्टर म्हणाले, हीटनंतर दोनेक महिने प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चढलेलं राहतं, त्याने ग्रोथ हार्मोन वाढतं आणि मग शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. म्हणून इन्सुलिन सुरू केलं आणि गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन पण करून घेतलं.

खरा घोळ त्यानंतर झाला. रोज सकाळी कानाला टोचून बघायचो तर शुगर ३५० च्या वर, मग डोस ४ युनिटचा ५ झाला, ५ चा ६ झाला, तरी सकाळचा आकडा हलेना आणि चिमी दिवसभर मलूल. तेव्हा सेन्सर लावला आणि दुसऱ्याच रात्री दोन वाजता मोबाइल त्याच्याजवळ धरून स्कॅन केलं तर ५८! लगेच ग्लुकोमीटरने पण बघितलं कारण ती सेन्सरच्या कुशीवर झोपली असेल तर दाबामुळे सेन्सर खोटा कमी आकडा दाखवू शकतो, पण त्यावरही ६१ च आला. हिरड्यांना मध चोळला आणि थोडं खायला घातलं. सकाळी परत ३४०. म्हणजे रात्री शुगर खाली जात होती, मग शरीर घाबरून ग्लुकॅगॉन, अॅड्रेनलिन ही शुगर चढवणारी हार्मोन्स सोडून ती वर ढकलत होतं आणि आम्ही तो सकाळचा आकडा बघून डोस वाढवत होतो. ऑपरेशननंतर तिची गरज उलट कमी झाली होती. डॉक्टरांनी ग्राफ बघून डोस ३ वर आणला, आठवड्यात पाणी पिणं निम्म्यावर आलं. दिवसातून दोनदा टोचून हे आम्हाला कधीच कळलं नसतं.

लावायची पद्धत सोपी आहे, खांद्याच्या मागे बरगडीवरचे केस साफ काढले, कडेला स्किन ग्लू लावला, वरून लहान बाळाचा टीशर्ट. पहिला तासभर आकडा येत नाही आणि पहिला दिवस आकड्यांवर फार विसंबू नका. दर आठ तासांच्या आत एकदा स्कॅन करायचंच, नाहीतर मधला ग्राफ कोरा राहतो. सेन्सर १४ दिवसांचा आहे, आमचा ११ व्या दिवशी निघाला कारण ती दिवाणाखाली घुसली, यात सेन्सरचा काही दोष नाही. तो रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो म्हणून जेवणानंतर आकडा जरा मागे असतो.

ग्लुकोमीटर मात्र टाकून देऊ नका. एवढंच, की माणसांचा मीटर कुत्र्या-मांजरात बरेचदा कमी दाखवतो, कारण त्यांच्या रक्तातली बहुतेक साखर प्लाझ्मात (रक्तातल्या पातळ भागात) असते, लाल पेशीत फार थोडी, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

आणि सिरिंज!! आमचं इन्सुलिन ४० आययूचं (म्हणजे एका मिलीलिटरला ४० युनिट), त्याला लाल टोपणाची सिरिंज लागते. एकदा एका मेडिकलवाल्याने नारिंगी टोपणाची, १०० ची दिली. त्यात ४ च्या रेघेपर्यंत भरलं तर आत जातं जेमतेम दीड युनिट. दोन दिवस तिला अर्ध्याहून कमी डोस गेला, मला अजून वाईट वाटतं.

मांजरवाल्यांना तर मी हा जास्तच सुचवीन. दवाखान्यात नेलं की मांजराची शुगर भीतीनेच चढते, घरी सेन्सरवर खरं काय ते दिसतं. शिवाय मांजरात वेळेत इन्सुलिन सुरू झालं तर कधीकधी ते पुढे बंदसुद्धा होतं, तेव्हा शुगर खाली जायला लागलेली लवकर कळलेली बरी. कुत्र्यांना बहुतेक वेळा जन्मभर घ्यावं लागतं.

किंमत आमच्यासारख्यांना दर पंधरवड्याला झेपणारी नाही. आम्ही आता फक्त डोस बदलला की लावणार. चिमीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, शुगर असलेल्या कुत्र्यांत तो फार लवकर येतो, उजवा अजून स्वच्छ आहे. घेण्याआधी आपल्या मोबाइलला एनएफसी (सेन्सर जवळून वाचायची सोय) आहे का ते बघा, नसेल तर रीडर वेगळा घ्यावा लागतो.