घरातला घाट कशाचा करावा: पीओपी, थर्मोकोल की कागदाचा लगदा?

घरात मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे प्लायवर मांडलेली छोटी रेल्वे आणि तिच्याभोवतीचा देखावा, करताना त्यात घाट हवा असेल, तर आधी एक हिशेब. कर्जत-लोणावळा घाटात रूळ दर ३७ मीटरला १ मीटर चढतो. हाच चढ एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये घ्यायचा आणि एका मार्गावरून दुसरा न्यायचा, तर निदान साडेसात सेंटिमीटर उंची लागते. तेवढं चढायलाच पावणेतीन मीटर रूळ जातो आणि उतरायला पुन्हा तितकाच. सहा बाय चार फुटांच्या प्लायवरचा अख्खा लंबगोल भरतो जेमतेम साडेचार मीटर. मुंबईच्या घरात यापेक्षा मोठा प्लाय कुणाला परवडतो? तेव्हा पहिल्या लेआउटवर रूळ सपाट ठेवावा आणि घाटाची सगळी भिस्त डोंगरावर टाकावी.

दिवाळीत चाळीच्या अंगणात किल्ला केला असेल, तर पीओपीची पद्धत तुम्हाला येतेच. दगडविटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वर आळीव. इथे विटांच्या जागी पुठ्ठ्याच्या विणलेल्या पट्ट्या किंवा चिकन मेश (प्लास्टरच्या आधी बीम आणि भिंतीच्या सांध्यावर ठोकतात ती जाळी) आणि चिखलाच्या जागी पीओपी. मेडिकलमध्ये मिळणारं प्लास्टर बँडेज वापरलं तर काम स्वच्छ होतं, पण डोंगरभर ते महाग पडतं. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या दाट ताकासारख्या पीओपीत बुडवून दोन-तीन थर दिले की तेच साधतं.

कवच कडक होतं, आतून पोकळ राहतं, बोगद्याला जागा आपोआप मिळते. तोटे मात्र मुंबईत जास्त बोचतात. उघडी पिशवी पावसाळ्यात दमट हवा पिते आणि मग पीओपी नीट धरत नाही. उरलेलं कालवण बेसिनमध्ये ओतू नका. मी ओतलं होतं. पाइप कापावा लागला आणि नंतर आठवडाभर घरात डोंगराचं नाव काढायची सोय नव्हती. शिवाय वजन. घडी घालून भिंतीला लावायचा किंवा पलंगाखाली सरकवायचा लेआउट असेल, तर हे कवच धक्क्याने तडकतं आणि पांढरी भुकटी रुळांवर पडते. रुळावर भुकटी म्हणजे चाकांना वीज नीट मिळत नाही, इंजिन अडखळतं. काम करताना रूळ मास्किंग टेपने झाकणं हे म्हणूनच सक्तीचं समजा.

पण माझा खरा आक्षेप आकाराबद्दल आहे. कापडाला पडतात त्या मऊ वळ्या, त्यामुळे टेकड्या छान होतात, कडे होत नाहीत. खडकासाठी रबरी साचे मिळतात. मी पाहिलेल्या बहुतेक साच्यांत मात्र आल्प्ससारखे टोकदार, उभ्या चिरांचे दगड होते. कर्जत-लोणावळा घाटात ठाकुरवाडी ते मंकी हिल गाडीच्या खिडकीतून बघा. सह्याद्री टोकदार नाहीच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, त्यांचा हा बेसॉल्ट: आडवे पट्टे, मध्ये गवताची अरुंद पायरी, पुन्हा काळा कडा, वर सपाट माथा. सुळक्यापेक्षा खापरोळ्यांच्या (जाड घावनांच्या) चवडीच्या जवळचा आकार.

आणि चवड रचायची तर थर्मोकोल. इंचभर जाडीचे तुकडे एकावर एक, प्रत्येक तुकडा म्हणजे एक थर, कडा सुरीने ओबडधोबड तासायची, पायरीसाठी वरचा तुकडा थोडा मागे. दुसऱ्या कुठल्याही पद्धतीत हा आकार इतका सहज येत नाही. डोंगर हलका होतो, उचलून बाजूला ठेवता येतो. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचं थर्मोकोलही आलं, म्हणून नवं घेऊ नका; फ्रिज-टीव्हीच्या खोक्यातले ठोकळे सोसायटीत कुणाकडे तरी पडलेले असतातच. गच्चीवर ऊन थोपवायला टाकतात तो एक्सपीएस बोर्ड मिळाला तर सोनं. त्यात दाणे नसतात, त्यामुळे तासल्यावर तो अधिक दगडासारखा दिसतो.

साध्या थर्मोकोलचे दाणे हा मात्र वैताग आहे. विजेच्या भाराने ते सगळीकडे चिकटतात आणि इंजिनाच्या गिअरमध्येही शिरतात. तासकाम गॅलरीत करा. गरम तारेने कापणार असाल तर खिडक्या उघड्या हव्यात, तो धूर चांगला नाही. स्प्रे पेंट आणि रबरी गोंद थर्मोकोल खातात. फेव्हिकॉल चालतं, पण दोन मोठ्या तुकड्यांच्या मध्ये हवा पोचत नसल्याने ते सुकायला दिवस घेतं, तोवर बांबूच्या काड्या खुपसून ठेवाव्यात. आणि एक गोष्ट फार उशिरा कळते: पीव्हीसी वायर थर्मोकोलला सतत चिकटून राहिली, तर काही वर्षांत तिचं आवरण कडक होतं, थर्मोकोलही तिथे विरघळल्यासारखा होतो. वायर कागदी नळीतून न्या. लेआउटजवळ सोल्डरिंग करताना डोंगर उचलून लांब ठेवायचा, हे तर आलंच.

कागदाचा लगदा? स्वस्त आहे, मुलांना मजा येते. पण सुकताना आकसतो, आणि जूनमध्ये केलेला जुलैत बुरशी धरतो. ऑक्टोबरनंतर, छोट्या टेकडीपुरता ठीक.

म्हणून माझी निवड अशी: लेआउट हलणार असेल, किंवा तुम्हाला घाटच हवा असेल, तर थर्मोकोलची चवड आणि तिच्यावर फेव्हिकॉल घातलेल्या लांबीचा (भिंतीच्या पुट्टीचा) पातळ थर. तो दाणे झाकतो, रंगही नीट धरतो. लेआउट भिंतीशी कायमचा राहणार असेल आणि कोकणातल्या गोल टेकड्या करायच्या असतील, तर जाळी आणि पीओपी, तेही हिवाळ्यात. मी दोन्ही केलंय आणि पीओपीकडे पुन्हा जाणार नाही. त्यामागे बेसिनचाही थोडा हात आहे.

रंगाला शुद्ध काळा घेऊ नका, खोलीच्या उजेडात तो भोकासारखा दिसतो. राखाडीत थोडा तपकिरी मिसळा. गवताला दिवाळीच्या किल्ल्यासाठी मिळणारा रंगीत भुसा चालतो, फक्त तो हिरवा फार भडक असतो. त्यात थोडा बिनरंगी भुसा घातला की सप्टेंबर सरत आल्यासारखा दिसतो.

बोगदा चिकटवण्याआधी तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा त्यातून हाताने ढकलून बघा. एलएचबी डबा (राजधानी-शताब्दीसारख्या गाड्यांचा लांब डबा) एचओमध्ये सुमारे २७ सेंटिमीटरचा होतो आणि वळणावर त्याचा मध्य आत झुकतो, टोकं बाहेर येतात. सरळ रुळावर सुटणारा बोगदा वळणावर घासतो. मागच्या बाजूला मनगट शिरेल एवढी खिडकी ठेवा, कारण गाडी रुळावरून घसरते ती बरोबर आतच.