एक्झिबिट: कागदी बाईंडर की बुकमार्कवाली पीडीएफ?

कॅलिफोर्नियाच्या सुपीरियर कोर्टात (खटले चालतात ते कोर्ट) सिव्हिल मोशनला, म्हणजे दिवाणी खटल्यातल्या अर्जाला, एक्झिबिट (पुराव्याची कागदपत्रं) जोडायचे म्हटलं की कटकट दोन्हीकडे आहे, फक्त जागा वेगळी.

कागदात दर एक्झिबिटच्या मधे जाड शीट, आणि तिचा टॅब पानाच्या खालून डोकावला पाहिजे, बाजूने नाही (नवीन माणूस हमखास बाजूवाले टॅब घेऊन येतो).

पीडीएफमध्ये टॅबच्या जागी बुकमार्क. कॅलिफोर्नियाच्या कोर्ट नियमांतल्या नियम ३.१११० प्रमाणे तो थेट एक्झिबिटच्या पहिल्या पानावर गेला पाहिजे आणि नावात नंबर किंवा अक्षर प्लस थोडक्यात वर्णन, म्हणजे नुसतं 'एक्झिबिट ७' नाही चालत, 'एक्झिबिट ७: भाडेकरार' असं लिहा. वर मजकूर सर्चेबल हवा, म्हणजे स्कॅन केलं की ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) आलंच. फायदा मोठा आहे पण, कोर्टाच्या कामकाजाच्या दिवशी रात्री ११:५९:५९ पर्यंत ऑनलाइन पोचलं तरी त्याच दिवसाची तारीख पडते, काउंटरवर कोण थांबतंय तेवढं!

एक्झिबिटमधल्या सोशल सिक्युरिटी नंबरचे (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) शेवटचे चारच आकडे ठेवायचे असतात. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ओढून भागत नाही बरं का, खालचा मजकूर सिलेक्ट करून कॉपी होतो, मजकूर कायमचा काढून टाकणारं रिडॅक्ट टूलच वापरा.

ट्रायलचं मात्र निराळं. तिथे एक्झिबिट सहसा फाइल होत नाहीत, क्लर्ककडे सोपवतात, आणि काउंटीगणिक, जजगणिक पद्धत बदलते, त्यामुळे आधी फोन करून विचारा. मी म्हणेन मोशनला पीडीएफ, साक्षीदारासमोर बाईंडरच. 'टॅब १४ काढा' म्हटलं की कुणीही काढतं.