टायरमध्ये हवा भरण्याचा पंप: वायरीचा की बॅटरीचा?

मोटारीत ठेवण्यासाठी हवेचा छोटा पंप घेताना खरी निवड दोन प्रकारांतच असते: गाडीतील १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा वायरीचा पंप आणि स्वतःची लिथियम बॅटरी असलेला पंप. हाताळायला बॅटरीचा पंप निःसंशय सुखाचा आहे. तो डिकीतल्या स्टेपनीपर्यंत सहज पोहोचतो आणि घरच्या दुचाकीलाही चालतो. वायरीच्या पंपाची वायर मात्र दारातून किंवा खिडकीतून मागच्या चाकापर्यंत ओढत न्यावी लागते, म्हणून खरेदीपूर्वी तिची लांबी अवश्य पाहावी.

तरीही माझा कौल वायरीच्या पंपालाच आहे. हे उपकरण महिनोन्‌महिने डिकीत पडून राहते आणि एखाद्या रात्री, भर पावसात, ताम्हिणी घाटात चाक बसले की आठवते. त्या वेळी बॅटरी उतरलेली निघाली तर ते निव्वळ ओझे ठरते. शिवाय विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात उभ्या गाडीत तापत राहिलेली लिथियम बॅटरी लवकर क्षीण होते. वायरीच्या पंपाबाबत पथ्य एवढेच, की तो ओढत असलेला विद्युतप्रवाह सॉकेटच्या फ्यूजच्या मर्यादेत, म्हणजे बहुधा १० ते १५ अँपिअरच्या आत असावा आणि पंप चालवताना मोकळ्या जागेत इंजिन चालू ठेवावे.

ठरवलेल्या दाबाला आपोआप थांबण्याची सोय दोहोंतही मिळते. आटे असलेली तोटी व्हॉल्व्हवरून सोडवताना मात्र ‘फुस्स’ होऊन थोडी हवा जातेच, त्यामुळे ३३ पीएसआय हवे असल्यास मी ३४ लावतो.